संक्रांतीचा पतंग आपला की गुजरातचा?

घणसोलीतील एका गृहसंकुलाच्या सांस्कृतिक समितीच्या सचिव ताईंनी मला काही प्रश्न विचारले आहेत. येत्या संक्रांतीला संकुलात पतंगोत्सव करावा असे तरुण मंडळींनी सुचवले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी 'आपली संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि हळदीकुंकू. पतंग हा गुजरातचा सण, तो आपण कशासाठी उचलायचा?' असा आक्षेप घेतला. त्यावरून, पतंगाची परंपरा नेमकी किती जुनी आहे, ती महाराष्ट्राची म्हणता येईल का आणि उत्सव करायचाच झाला तर तो परंपरेला धरून कसा करावा, असे ताईंनी विचारले आहे. मी ठाण्यातील खारकर आळीत वाढलो, गेली ४५ वर्षे पतंग उडवतो आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे पतंग बांधायला व उडवायला मुलांना शिकवतो. तेवढ्या अधिकाराने हे उत्तर लिहीत आहे.

आक्षेपापासूनच सुरुवात करतो. संत नामदेवांचे रामकली रागातील एक पद शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहे. हा ग्रंथ १६०४ साली संकलित झाला आणि नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानला जातो. त्या पदाच्या आरंभीच एक मुलगा कागद आणतो, तो कापून त्याची 'गूडी' म्हणजे पतंग करतो, आकाशात उडवतो, सोबत्यांशी गप्पाही मारतो, पण त्याचे चित्त मात्र दोरीपाशी असते. पुढे डोक्यावर भरलेली घागर घेऊन हसत-बोलत चाललेल्या मुली, लांब रानात चरताना वासराकडे मन असलेली गाय आणि घरकामात गुंतूनही पाळण्यावर ध्यान असलेली आई, असे दाखले येतात. घागर, गाय आणि पाळणा यांच्या ओळीत पतंग बसतो याचा अर्थ असा की ऐकणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नव्हता. शिवाय हा दृष्टान्त पतंग उडवणाऱ्याच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. शंभर-दीडशे वार दोरा सोडल्यावर नजर इकडेतिकडे गेली तरी चालते, मात्र तर्जनीवरून दोऱ्याचा ताण हटला की पतंग हातचा गेला म्हणून समजावे. तुळशीदासांनीही अयोध्याकांडात अशीच एक नेमकी उपमा दिली आहे. भरताला भेटावे की रामाच्या सेवेत उभे राहावे अशा ओढाताणीत लक्ष्मण मनाला आवरतो, ते उंच चढलेला चंग, म्हणजे पतंग, खेळाडूने मागे खेचावा तसे.

आपली भाषाही साक्ष देते. जुन्या मराठीत पतंगाला 'वावडी' म्हणत, आणि आज आपण खोट्या बातम्यांच्या 'वावड्या उठल्या' असे म्हणतो ते त्यावरूनच. गोत खाणे, ढील देणे, एखाद्याचा पतंग काटणे हे बोलही घरोघर रुळलेले आहेत. शेजाऱ्याकडून कालपरवा उसन्या आणलेल्या खेळाने भाषेत एवढी मुळे धरली नसती.

मूळ मात्र आपले नाही, हे मान्य केले पाहिजे. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातील मोझी आणि लू बान या दोन चिनी पुरुषांच्या नावावर पतंगाच्या जन्माची कथा सांगितली जाते. इंडोनेशियाच्या बेटांवर पानांचे पतंग आजही करतात, आणि तेथील लोक ही कला आपली स्वतंत्र मानतात. आपल्याकडचा पतंग कागदाचा असल्यामुळे कागद स्वस्त होण्याआधी त्याचा खेळ सर्वसामान्यांपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद करण्याची जी वस्ती आहे, तिचे मूळ परंपरेने महंमद तुघलकाच्या राजधानीच्या स्थलांतराशी, म्हणजे १३२७ च्या सुमाराशी जोडले जाते. नामदेवांचा आणि हा काळ एकच आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींचे कारण होत्या असा माझा दावा नाही, पण मराठी मुलखात कागद आणि पतंग आगेमागेच दिसू लागावेत हे मला तरी योगायोगाचे वाटत नाही.

आता सणाविषयी. पतंग उडवण्याचा दिवस पंचांगाआधी वाऱ्याने ठरवला, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच हिऱ्याच्या आकाराचा, बिनशेपटीचा पतंग भारतभर उडतो, परंतु प्रत्येक प्रांताने त्याचा दिवस वेगळा धरला आहे. दिल्लीत तो १५ ऑगस्टला उडतो. पंजाबात आणि लाहोरला वसंतपंचमी हा त्याचा मान, आणि महाराजा रणजितसिंगांच्या काळात लाहोरचा बसंत मेळा दरबारी थाटाने भरत असे. कोलकात्यात सप्टेंबरमधल्या विश्वकर्मा पूजेला आकाश भरते. तेथील शौकाला मोठे बळ मिळाले ते अवधचा नबाब वाजिद अली शाह १८५६ साली राज्य गमावून मटियाबुर्जला राहायला गेला आणि सोबत लखनौचे पतंगबाज घेऊन गेला, त्यामुळे. गुजरात, राजस्थान, तेलंगणा आणि महाराष्ट्र येथे मात्र संक्रांत. पतंग हा मुळात एखाद्या देवतेचा किंवा व्रताचा विधी असता, तर त्याच्या तिथीत एवढा विसंवाद राहिला नसता. देशाबाहेर तर कारणेही निरनिराळी आहेत. कोरियात नववर्षानंतरच्या पहिल्या पौर्णिमेच्या सुमारास पतंग उडवून दोरा मुद्दाम तोडतात, म्हणजे वर्षाची इडापिडा त्याच्याबरोबर निघून जाते. ग्वाटेमालात १ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणार्थ अवाढव्य गोल पतंग उभारतात.

कोकणपट्टीपुरते बोलायचे तर चार महिने पावसात कागदाचा पतंग टिकत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भात कापणीला येते आणि शेतात पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीत मात्र खळी आटोपलेली, आकाश स्वच्छ, वारा कोरडा आणि शेते मोकळी असतात. माझ्या मामाचे घर घणसोली गावात होते. सिडकोने ज्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसवली, त्यांतले हे एक. भात कापून झालेल्या त्या खाचरांत, टोचणाऱ्या खुंटांतून अनवाणी धावत आम्ही कटलेले पतंग लुटलेले आहेत. ताई, आपले संकुल आज ज्या जमिनीवर उभे आहे ती बहुधा अशाच खाचरांची असेल, तेव्हा तेथे पतंग परका आहे असे निदान मला तरी म्हणवणार नाही.

'सूर्य उत्तरेकडे वळतो म्हणून पतंग' हे स्पष्टीकरणही तपासून घ्यावे. दिवस मोठा व्हायला प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरनंतरच सुरुवात होते. आपण धरतो ती मकर संक्रांत निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधाराने केलेल्या, गणिताची असून ती सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा, आणि ती तारीख १२ जानेवारी होती. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीला आली. थंडीत अंगावर ऊन घेण्यासाठी पूर्वजांनी पतंगाची युक्ती काढली, असा एक संदेशही दरवर्षी मोबाइलवर फिरतो. उन्हात बसायला गच्ची पुरते, त्यासाठी बोटे कापून घेण्याची गरज नसते.

गुजरातने काय दिले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण त्या ज्येष्ठ सभासदांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. पतंगाला शहरभराचा सण केला तो अहमदाबाद-सुरतेने. सगळे शहर दोन दिवस गच्चीवर, उंधियू आणि जिलेबी तिथेच, दुसऱ्या दिवसाला 'वासी उत्तरायण' असे स्वतंत्र नाव, रात्री दोरीला तुक्कल म्हणजे कागदी कंदील बांधून ते आकाशात चढवणे, हा थाट त्यांचाच. अहमदाबादचा आंतरराष्ट्रीय पतंगोत्सव १९८९ साली सुरू झाला, चीनमधल्या वेइफांगचा त्याआधी १९८४ साली. मैदानावर देशोदेशीचे प्रचंड देखावे उडवायचे, ही 'पतंगोत्सव' या शब्दाने आज डोळ्यांपुढे येणारी कल्पना म्हणजे जेमतेम ४० वर्षांची गोष्ट. आपल्या संकुलातील तरुणांच्या मनात बहुधा हीच असावी. ती वाईट नाही, पण तिला प्राचीन म्हणू नये. आणि अहमदाबादच्या जमालपुरात असो वा मुंबईच्या डोंगरीत, कागद कापणारे, काड्या तासणारे आणि चिकटवणारे हात बहुतांशी मुसलमान कारागिरांच्या घरांतले आहेत. परंपरा कोणाची हे ठरवताना तेही मोजावे लागतील.

महाराष्ट्राचा स्वतःचा पतंगाचा सण पाहायचा असेल तर येवल्याला जावे. पैठणीच्या या गावात भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस पतंग उडतात. आपण ज्याला फिरकी म्हणतो त्याला तेथे 'आसारी' म्हणतात, ती लाकडाची, चांगली जाडजूड असते, आणि पतंग कापला की हलगी-ताशाच्या साथीने 'वकाट'चा आणि 'गई बोला रे धिना'चा गजर गच्च्यांवरून उठतो. आमच्या ठाण्यात हलगी-ताशा नव्हता, फक्त 'काटी रे' आणि पत्र्यावर थापा. नागपूरकडची ओरड आणखी निराळी. उसन्या घेतलेल्या सणाला गावागणिक अशी वेगळी बोली फुटत नसते.

खरी परंपरा तारखेत नसून हातात आहे, हे मला यानंतर सांगायचे आहे, आणि त्यासाठी पतंग जरा जवळून पाहावा लागेल. आपल्या पतंगाला दोनच काड्या असतात. उभ्या काडीला ढड्डा म्हणतात आणि वाकवून बसवलेल्या आडव्या काडीला कमान. ढड्डा ताठ असतो, पण कमान दोन्ही टोकांकडे तासून बारीक केलेली असते, म्हणजे ती लवते. सगळी जादू या लवण्यात आहे. दोरा खेचला की वाऱ्याच्या दाबाने कमानीची दोन्ही टोके मागे वाकतात, पतंग होडीच्या तळासारखा होतो आणि नाक ज्या दिशेला असेल त्या दिशेने सरळ सुटतो. दोरा सैल सोडला की कमान पुन्हा सपाट होते, पतंगाचा तोल सुटतो आणि तो जागच्या जागी गिरकी घेऊ लागतो. नाक हव्या त्या दिशेला आले की पुन्हा खेचायचे. शेपूट लावली तर ही गिरकी मरते, म्हणून लढाऊ पतंगाला शेपूट नसते. मुलांना मी पहिले तीन दिवस पेच लावू देत नाही; फक्त 'सोड' आणि 'खेच' म्हणतो आणि पतंग डावीकडे, उजवीकडे, खाली नेऊन पुन्हा वर आणायला लावतो.

तेवढेच महत्त्व कन्नीला, म्हणजे उडवायचा दोरा जिला जोडतात त्या पतंगावरच्या दोऱ्याच्या बांधणीला; तिला काही भागांत मंगळसूत्रही म्हणतात. ढड्डा आणि कमान जिथे एकमेकांना छेदतात तिथे दोन छिद्रे, आणि खाली शेवटापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर दोन. दोऱ्याच्या वरच्या आणि खालच्या पायांची लांबी जुळवून गाठ मारायची. वरचा पाय आखूड ठेवला तर पतंग शांत राहतो, खालचा आखूड केला तर तो चंचल होतो आणि गरागरा फिरतो. कन्नी बांधल्यावर पतंग कपाळासमोर आडवा धरून तोल पाहायचा. एक बाजू जड निघाली तर हलक्या बाजूच्या कमानीला चिंधी किंवा दोऱ्याचे वेढे द्यायचे. आमच्या आळीत एक काका होते, ते कन्नी बांधून झाल्यावर पतंगाला नुसता झोल देऊन सांगत, 'हा डावीकडे जाणार.' तो डावीकडेच जाई.

पेचाचे दोन प्रकार, ढील आणि खेच. ढील देताना दोरा सतत पुढे धावत असतो, त्यामुळे त्याची झीज लांबवर वाटली जाते. समोरच्याचा दोरा जागच्या जागी थांबला असेल तर घर्षण त्याच्या एकाच बिंदूवर होते आणि तो तिथे तुटतो. खेचीत तेच उलट्या दिशेने घडते, मात्र वेगाने आणि कमी अंतरात. म्हणजे पेच जिंकण्याचे सूत्र दोऱ्याच्या ताकदीत नसून त्याच्या धावेत आहे. फिरकी धरणाऱ्याची कसोटी इथेच लागते. ढील चालू असताना फिरकी क्षणभर अडली तरी खेळ संपतो, आणि शिव्या मात्र उडवणारा खातो.

आम्ही मांजा घरी सुतत असू. फुटक्या ट्यूबलाइटची काच खलबत्त्यात कुटायची, मलमलीतून चाळायची, भाताच्या किंवा साबुदाण्याच्या खळीत रंगाबरोबर कालवायची. दोन खांबांमध्ये सुती दोरा ताणून एकाने ती लुगदी मुठीत धरून पुढे चालायचे, दुसऱ्याने मागून फडक्याच्या चिमटीने जादा लेप पुसत यायचे. असा दोरा कितीही धारदार असला तरी तो शेवटी कापूस असतो. झाडात अडकला तर उन्हापावसाने कुजतो आणि जोराचा झटका बसला तर बहुधा तुटतो. बहुधा म्हणालो, कारण सुती मांजानेही जखमा झालेल्या मी पाहिल्या आहेत.

नायलॉनच्या मांजाने ही सारी विद्या निकामी केली. तो तुटत नाही, ताणला जातो आणि मांसात रुततो. त्याला ढील लागत नाही, की वाऱ्याचा अंदाज लागत नाही, नुसता ओढला तरी समोरचा सुती दोरा कापतो. नावाला चिनी असला तरी तो आपल्याकडेही बनतो. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या, तसेच कृत्रिम लेप असलेल्या आणि न कुजणाऱ्या मांजावर देशभर बंदी घातली, तरीही तो मागच्या दाराने मिळतोच. सुमारे १५ वर्षांपूर्वी एका उत्सवात मी परीक्षक होतो. संयोजकांनी फिरक्या घाऊक आणल्या होत्या आणि त्या तपासून घ्याव्यात असे मला सुचले नाही. कटलेल्या पतंगाचा मांजा बाहेरच्या रस्त्यावर आडवा आला आणि दुचाकीवरून जाणाऱ्या एका तरुणाच्या भुवईपासून कानापर्यंत जखम झाली. सात टाके पडले, डोळा वाचला. त्या दिवसापासून मी प्रत्येक फिरकीचे टोक काडीने जाळून पाहतो. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो.

आता आपल्या संकुलाविषयी. घणसोलीत जानेवारीतल्या सकाळी वारा मंद आणि पारसिकच्या डोंगराकडून असतो. दुपारी बाराएकच्या पुढे तो फिरतो आणि खाडीकडून, म्हणजे पश्चिमेकडून येऊ लागतो. उडवण्याजोगा वारा हाच, पण तो पतंग पूर्वेला नेतो, आणि आपल्या पूर्वेला लोहमार्ग व त्यापलीकडे ठाणे-बेलापूर रस्ता आहे. लोहमार्गावरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. तिच्यात अडकलेला पतंग काढायला जाऊ नये हे लहान मुलांना आधीच, आणि दरडावून, सांगावे. ऐरोली-घणसोलीच्या पट्ट्यात उच्चदाबाचे मनोरेही आहेत. म्हणून जागा निवडताना पूर्वेकडच्या अंगाला मोकळे अंतर किती आहे ते प्रथम पाहावे. उंच इमारतींच्या आडोशाला वारा घुमतो आणि नवशिक्याचा पतंग हमखास गोत खातो, त्यामुळे संकुलाच्या आतल्या अंगणापेक्षा खाडीकडचे मैदान बरे, मात्र थेट खाडीकाठ टाळावा. ठाणे खाडी २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे. पक्षी सकाळी बाहेर पडतात आणि संध्याकाळी परततात, तेव्हा साडेबारा ते साडेचार एवढीच वेळ ठेवावी.

मोठ्यांच्या पेचासाठी काच न लावलेला सुती दोरा, म्हणजे सद्दी, वापरावा. सद्दीनेही पेच होतो, फक्त तो लांबतो आणि त्यात खरे कसब दिसते. लहानांना अर्ध्या तावाचा पतंग, खाली शेपूट आणि साधा दोरा द्यावा. सकाळचा वेळ कन्नी बांधायला शिकवण्यात घालवा आणि तिळगूळ तिथेच वाटा. ज्येष्ठ सभासदांना फिरकी धरायची विनंती करून पाहा, बहुतेक ते नाही म्हणणार नाहीत.

एक काम कोणत्याही उत्सवाच्या पत्रिकेत नसते, ते आपण घालावे. दुसऱ्या दिवशी उजाडताच आवारातल्या आणि रस्त्यालगतच्या झाडांवर लोंबणारा सगळा दोरा उतरवून, त्याचे तुकडे करून मगच कचऱ्यात टाकावा, कारण अखंड गुंडा कचऱ्यातही कावळ्या-घारींच्या पायांत अडकतो. त्यासाठी १८ फुटांचा बांबू आणि टोकाला लोखंडी आकडी लागते. माझ्याकडे अशा दोन आहेत. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी कोणाला तरी पाठवा, एक देऊन ठेवीन.